मंगोलियाचा तिसरा शेजारी

नकाशात मंगोलिया शोधा. वर रशिया, खाली चीन. समुद्र नाही, तिसऱ्या देशाची सीमाही नाही. लोकसंख्या जेमतेम ३५ लाख. तरीही १९९० पासून तिथे बहुपक्षीय निवडणुका होतात, मतपेटीतून सरकारं बदलतात. मला या देशाचं फार कौतुक आहे.

सैन्याच्या बळावर रशिया आणि चीनला रोखणं अशक्यच. म्हणून मंगोलियाने ‘तिसरा शेजारी’ जोडला: भारत, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका, युरोप. १९९२ मध्ये देश अण्वस्त्रमुक्त जाहीर केला, म्हणजे एकाची अण्वस्त्रं दुसऱ्याच्या दारात यायला नकोत.

खरी नाडी मात्र व्यापारात अडकलीय. पेट्रोल-डिझेल जवळपास सगळं रशियाचं; कोळसा आणि तांबं जातं चीनला. २०१६ मध्ये दलाई लामा येऊन गेले, तेव्हा चीनने कर्जाची बोलणी लांबवली, सीमेवर मालाला जादा शुल्क लावलं. महिन्याभरात मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना ‘पुन्हा बोलावणार नाही’ असं सांगावं लागलं. वाचतानाही जीव तुटतो.

म्हणूनच दोर्नोगोवी प्रांतात भारताच्या कर्जातून उभा राहणारा तेलशुद्धीकरण कारखाना मला रणगाड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यात शुद्ध होणारं कच्चं तेल मंगोलियाच्याच जमिनीतलं असेल.