दिवस गेले, म्हणून दूध तोडायचं का?

आई आणि बाळाचं पोषण : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण वरच्या अन्नाची सुरुवात पाहिली. आता त्याच्या पुढचा प्रश्न. थोरलं अजून अंगावर पितंय आणि आईला पुन्हा दिवस गेले, तर? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं: 'पोटुशीचं दूध पोराला बाधतं, आजच तोड.' मग कोरफडीचा नाहीतर कडुनिंबाचा रस लावला जातो आणि दीड वर्षाचं लेकरू रात्रभर रडतं.

गरोदरपणात दूध नासत नाही. बदलतं मात्र नक्की. संप्रेरकांमुळे चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ते कमी होतं, चव खारट होते आणि पुढे त्याची जागा नव्या बाळासाठीचा चीक घेतो. चिकामुळे थोरल्याला शी जरा पातळ होऊ शकते. याच सुमारास बरीच मुलं आपणहून प्यायचं सोडतात.

दुसरी भीती गर्भपाताची. मूल ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे खरं आहे. पण दिवस भरत येईपर्यंत गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही. त्यामुळे सगळं सुरळीत असेल, तर पाजायला सहसा हरकत नसते. आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, पोटात जुळं असेल, रक्तस्राव होत असेल किंवा कळा येत असतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना विचारा. थोरलं सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर दूध आटल्यावर त्याची उपासमार होईल. अशा वेळी त्याचं वजन वरचेवर करा आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

खरी झीज होते ती आईची. भारतीय आहारमानकांनुसार गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६००. दोन्ही एकदम चालू असेल, तर रोजच्या ताटात भागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून लोहाची गोळी चुकवू नये आणि ती चहाबरोबर घेऊ नये. डाळ, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे वाढवावेत. अंगणवाडीतला आहार हक्कानं घ्यावा.

बोंडं दुखतात, थकवा सोसत नाही, म्हणून आईला थांबावंसं वाटलं, तर तेवढं कारण पुरेसं आहे. फक्त एकदम तोडू नये. दिवसातली एकेक वेळ कमी करत जावी. पाजणं चालू ठेवलंच, तर प्रसूतीनंतर चीक आधी नव्या बाळाला द्यावा.

सासूबाईंना आणि नवऱ्याला एकच विनंती: दूध तोडायचं की नाही, हे तिला आणि तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही तिचं ताट आधी वाढा.