थॉमसन सीडलेस : घड कुठल्या डोळ्यात?



ऑक्टोबर छाटणीनंतर एका बागायतदारानं बाग दाखवायला नेलं. फूट हिरवीगार, पण घड औषधालाही नाही. "साहेब, काडीच खोटी मिळाली का?" काडी अस्सल थॉमसनची होती. छाटणी मात्र दोन डोळ्यांवर झाली होती.

थॉमसन हे नाव अमेरिकेतलं, द्राक्ष मात्र इराण-तुर्कस्तानकडचं. तिकडे याला किसमिस, सुलताना म्हणतात आणि पूर्वापार बेदाणा करतात. १८७२ साली कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेतून याच्या काड्या मागवल्या. पुरातून एकच वाचली, पण नाव लागलं ते त्यांचंच. आपल्याकडची बोरगावची (ता. तासगाव) तास-ए-गणेश आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका या जाती थॉमसनमधूनच निवडलेल्या आहेत.

मूळ मुलूख कोरड्या उन्हाळ्याचा, त्यामुळे पाऊस हिला सोसत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की केवडा येतो, पिकताना झाला की मणी तडकतात.

हिला बी नाही असं आपण म्हणतो, पण बी धरतं आणि कोवळेपणीच खुरटतं. मणी फुगवणारं संजीवक बीतून मिळतं. ते कमी पडलं की मणी बारीक राहतो. म्हणून खाण्याच्या द्राक्षाला जिब्रेलिक आम्ल द्यावं लागतं.

आता मूळ प्रश्न. थॉमसनच्या काडीचे बुडाकडचे डोळे बहुधा वांझ असतात. घड असतो तो वरच्या डोळ्यांत, आणि तो ऑक्टोबरात नव्हे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत आत तयार होतो. त्या काळात काडीवर ऊन हवं. मांडवावर पानांची गर्दी झाली, नत्र आणि पाणी सढळ हातानं दिलं, तर वेल नुसताच माजतो. म्हणून फुटी विरळ कराव्यात, सातव्या पानाच्या सुमारास शेंडा मारून सबकेन घ्यावी. सबकेनच्या गाठीजवळचे डोळे सहसा फळधारी असतात. ऑक्टोबरात छाटणी त्यांच्या पुढे घ्यावी.

तरी दरवर्षीचं हवामान सारखं नसतं. शेजाऱ्यानं किती डोळे ठेवले ते विचारून कात्री चालवू नका. छाटणीआधी आपल्या बागेतल्या काही काड्या डोळे तपासणीला द्या. कितव्या डोळ्यात घड आहे ते तिथं भिंगाखाली दिसतं.