तापीचा हिशेब: प्रकाशा ते सुरत

‘धरणातून नऊ लाख क्युसेक विसर्ग’ असं बातमीत वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. नऊ लाखांचे झाले अडीच कोटी लिटर. गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर असे अडीच हजार टँकर, दर सेकंदाला! ऑगस्ट 2006 मध्ये गुजरातेतल्या उकाई धरणातून तापीत साधारण एवढं पाणी सुटलं आणि खाली शंभरेक किलोमीटरवरची सुरत बहुतांश बुडाली. कोयनेचं 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं धरण या वेगाने दीड दिवसाच्या आत काठोकाठ भरलं असतं.

हे पाणी मुख्यतः आपल्याकडचं. तापीचं खोरं 65,145 चौरस किलोमीटर; त्यातलं 51,504 महाराष्ट्रात, गुजरातेत जेमतेम 3,837. मेळघाटातला पाऊस, अकोला-बुलढाण्याची पूर्णा, धुळ्याची पांझरा, सगळ्यांची वाट शेवटी सुरतेवरूनच समुद्राला जाते. नंदुरबार हा या वाटेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा जिल्हा. उकाईचा फुगवटा तर पार जिल्ह्याच्या हद्दीत शिरलेला आहे.

तुलनेला युरोपातली एक नदी घेऊ: आल्प्सच्या बर्फावर पोसलेली इन डॅन्यूबला मिळते तेव्हा तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सातशे-साडेसातशे घनमीटर असतो. 2006 ची तापी 25 हजारांवर होती. सरासरीशी पुराची तुलना करणं अन्यायाचंच, पण फरक कळायला ती बरी. इनला बर्फाची ठेव आहे. तापीचा सगळा संसार चार महिन्यांच्या कमाईवर. मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला जाऊन बघा: बॅरेजने अडवलेलं तेवढंच पाणी, आणि पपई-केळीच्या बागांकडे गेलेले मोटारींचे पाइप काठावर उघडे पडलेले.

शहाद्याजवळच्या या प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली, त्या वेळी हे गाव तीन हजार वर्षांचं होऊन गेलं होतं! तरी महानगर झालं ते सुरत, कारण समुद्राचा व्यापार तिथे उतरत होता. 2011 च्या जनगणनेत सुरत शहर 44 लाखांवर, अख्खा नंदुरबार जिल्हा साडेसोळा लाखांच्या आत. प्रकाशा अजून गावच आहे. माझ्या मते नदी फक्त गाव वसवते. शहर व्हायला बाजार लागतो.

येत्या पावसाळ्यात ‘तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले’ अशी बातमी आली, की त्यातल्या क्युसेकच्या आकड्याला 28 ने गुणून बघा. तेवढे लिटर पाणी दर सेकंदाला प्रकाशाच्या दिशेने निघालेलं असतं.