कर्णबधिर बालकाची पहिली शाळा : त्याचे घर

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड हे जुने गाव वसले आहे. सोळाव्या शतकातील मशिदीमुळे आणि १५९० साली निजामशाहीच्या वारसाहक्कावरून येथे झालेल्या लढाईमुळे इतिहासात त्याची नोंद झाली आहे. गाव घाटाखाली आणि जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, अशी या भागाची रचना आहे. अशा गावात जन्मतः ऐकू न येणारे मूल जन्मास आले, तर त्याच्यापुढे दोन अंतरे उभी राहतात. पहिले अंतर गावापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे. ते एस. टी.ने काही तासांत कापता येते. दुसरे अंतर पालकांच्या मनात शंका आल्यापासून बालकाच्या हाती भाषा येईपर्यंतचे. ते कापण्यास कित्येकदा चार-पाच वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात बालकाची जी हानी होते ती पुढे शाळेत पूर्णपणे भरून निघत नाही. हे दुसरे अंतर कमी करणे हे अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या आवाक्यातील काम आहे.

डोळ्यांना न दिसणारा दोष

बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. कर्णबधिर अर्भक इतर बालकांप्रमाणेच रडते, हसते आणि हुंकारही देते. त्यामुळे पहिले काही महिने घरच्यांना संशय येत नाही. पुढे शंका आली की घरात थाळी वाजवून पाहिली जाते. बालक वळून पाहते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु ते बालक आवाजाने वळलेले असतेच असे नाही. जमिनीची थरथर, हवेचा झोत किंवा हलणारी सावली यांनीही ते वळते. ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले’ या समजुतीवर मग आणखी वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

‘मूकबधिर’ या जुन्या शब्दानेही बराच गैरसमज पसरविला आहे. बहुतेक कर्णबधिर मुलांची स्वरयंत्रे निर्दोष असतात. बोलणे हे ऐकण्यातून येते. मराठी घरातील मूल मराठी बोलते याचे कारण ते मराठी ऐकत वाढलेले असते. ज्याच्या कानी शब्दच पडला नाही, त्याच्या मुखी तो आपोआप कसा यावा? म्हणून आज ‘कर्णबधिर’ हाच शब्द योग्य मानला जातो.

श्रवणदोषाचे प्रमाण डेसिबल या मापाने मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती ‘बधिर’ समजली जाते. परंतु ज्या विद्यार्थ्याचा दोष ४५ किंवा ५० डेसिबलचा आहे, तो या व्याख्येत बसत नसला तरी वर्गातील अर्धेअधिक बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. असा विद्यार्थी मागच्या बाकावर बसतो, वेगळेच उत्तर देतो आणि ‘दुर्लक्षी’ किंवा ‘मठ्ठ’ ठरतो. त्याच्या कानाची तपासणी झाली असती, तर त्याच्या बुद्धीविषयीचे मत बदलले असते.

काळाचे मोल

भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. म्हणूनच या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एक साधा दंडक घालून दिला आहे : जन्मल्यापासून एका महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजनेस प्रारंभ. ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या चाचण्या झोपलेल्या अर्भकावरही करता येतात. त्यांत बालकाला टोचावे लागत नाही की वेदनाही होत नाहीत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात तपासावयाच्या दोषांमध्ये जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. या कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. पथकाच्या भेटीच्या दिवशी जे मूल ‘बोलत नाही’ म्हणून घरीच ठेवले जाते, त्यालाच या भेटीची सर्वाधिक गरज असते, हे सेविकांनी ध्यानात ठेवावयास हवे. वर्षाच्या वयात हाकेला प्रतिसाद नाही, दीड वर्षात एकही अर्थपूर्ण शब्द नाही किंवा दोन वर्षांत दोन शब्दांचे वाक्य नाही, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास वाट न पाहता बालकाला तपासणीसाठी पाठवावे.

पुष्कळसे बहिरेपण टाळताही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार बालपणातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष प्रतिबंधक उपायांनी टाळता येण्याजोगे आहेत. गरोदरपणी होणारा रुबेला, नवजात बालकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही औषधांचा दुष्परिणाम आणि वर्षानुवर्षे वाहणारा कान ही त्याची प्रमुख कारणे होत. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. गोवर-रुबेलाची लस वेळेवर टोचून घेणे आणि वाहत्या कानात गरम तेल न सोडता डॉक्टरांकडे जाणे, एवढ्यानेही अनेक मुलांचे कान वाचतील.

पालकांच्या मनाचा आधार

बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील स्वतः ऐकणारे असतात. बहिरेपणाशी त्यांची पहिली ओळख स्वतःच्या बालकामुळेच होते. निदान ऐकताच त्यांना धक्का बसतो. ते त्यांना खरे वाटत नाही. मग दुसरा डॉक्टर, तिसरा वैद्य, नवस आणि अंगारे-धुपारे असा प्रवास सुरू होतो. पुष्कळदा दोष आईच्या माथी मारला जातो. ग्रहणात काय केले, गरोदरपणी काय खाल्ले, याची तिला उलटतपासणी द्यावी लागते. या अपराधी भावनेखाली दबलेली आई बालकाशी बोलणेच हळूहळू बंद करते, कारण ‘त्याला कुठे ऐकू येते?’ येथे बालकाची दुसरी आणि अधिक गंभीर हानी होते. कान तर गेलाच होता, आता त्याच्याकडे वळणारा चेहराही जातो.

म्हणून कर्णबधिर बालकाच्या शिक्षणाचा पहिला धडा त्याच्या पालकांना द्यावा लागतो. हे कुणाच्या पापाचे फळ नाही, तुमचे मूल बुद्धीने कमी नाही आणि तुमच्या हातून पुष्कळ काही होण्यासारखे आहे, ही तीन वाक्ये आरोग्यसेविकेने किंवा शिक्षकाने घरी जाऊन सांगितली तर तिचे वा त्याचे निम्मे काम झाले. राहिलेले निम्मे काम दुसरे पालक करू शकतात. ज्यांचे मूल याच वाटेने पुढे गेले आहे अशा आईचा एक शब्द तज्ज्ञाच्या तासभर उपदेशाहून अधिक धीर देतो. तालुक्यातील अशा पालकांना महिन्यातून एकदा एकत्र आणण्यास फारसा खर्च येत नाही.

बालकाच्या मनाकडेही लक्ष पुरविले पाहिजे. काय हवे ते सांगता येत नाही आणि इतर का हसले ते कळत नाही, तेव्हा मूल आदळआपट करते. त्यास हट्टी ठरविले जाते. वास्तविक तो भाषेवाचून कोंडलेल्या मनाचा आक्रोश असतो. ‘मुक्या’, ‘बहिऱ्या’ अशी हाक मारण्याची गावातील सवय या जखमेवर मीठ चोळते.

ओठ, हात आणि यंत्र

कर्णबधिरांना शिकवावे कसे, हा वाद जुना आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांची भाषा वर्ज्य करून केवळ बोलण्यातून शिक्षण देण्याचा ठराव केला. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत कर्णबधिरांसाठी भारतातील पहिली शाळा निघाली. मिलानच्या ठरावाची छाया पुढे दीर्घकाळ सर्वत्र राहिली आणि अनेक शाळांत मुलांचे हात बांधल्यासारखेच झाले. अखेर २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

केवळ ओठांवरून बोलणे ओळखणे किती कठीण आहे, हे मराठी वाचकाने आरशासमोर उभे राहून पाहावे. ‘मामा’, ‘बाबा’ आणि ‘पापा’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशातच उमटतात, ओठांवर दिसतच नाहीत. संदर्भ ठाऊक असेल तरच ओठवाचन उपयोगी पडते.

श्रवणयंत्र हे मोठे साधन होय, परंतु ते आवाज मोठा करते, अर्थ शिकवीत नाही. यंत्र लावल्यावर ऐकण्याचे आणि बोलण्याचे शिक्षण नियमित द्यावे लागते. मूल वाढते तसा कानातील साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते आणि मूल यंत्र काढून टाकते. सेल संपला की यंत्र पेटीत जाऊन पडते. शिबिरात यंत्र मिळाले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा डोकावून पाहावे. तीव्र बहिरेपणात कर्णशंकूचे रोपण उपकारक ठरते. केंद्राच्या साहाय्यक साधने योजनेत लहान बालकांसाठी त्याची तरतूद आहे. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामात समन्वय साधते. मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षांचा वाचा-उपचार अनिवार्य असतो.

खुणांची भाषा ही हातवाऱ्यांची तात्पुरती सोय नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्या अभ्यासासाठी २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने सिद्ध केलेला शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून सुरू केली. खुणा शिकल्याने मूल बोलायचे राहते, ही भीती अनाठायी आहे. एक भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा अधिक सहजपणे शिकते. ओठ, हात, यंत्र आणि लेखन यांपैकी बालकाला जे जे लागू पडेल ते ते त्याला मिळावे, हीच आज शहाणपणाची दिशा होय.

वर्गातील साध्या गोष्टी

कर्णबधिर मुलांसाठी राज्यात विशेष शाळा आहेत. विदर्भात नागपूरच्या शंकरनगर भागातील विद्यालय जुने आणि परिचित आहे. परंतु गावच्या शाळेत शिकण्याचाही त्या मुलाला हक्क आहे. २०१६ च्या अधिनियमाने ६ ते १८ वर्षे वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन शाळांना मागता येते.

सर्वसाधारण शिक्षकालाही बरेच काही करता येईल. मुलाला पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत, शिक्षकाचा चेहरा दिसेल असे बसवावे. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण त्यामुळे चेहरा अंधारात जातो. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. नवा शब्द बोलण्याबरोबर लिहूनही दाखवावा. ओरडू नये, कारण ओरडल्याने ओठांची ठेवण बिघडते. ‘समजले का?’ असे विचारल्यावर मूल मान डोलावते. म्हणून काय समजले ते त्याच्याकडूनच काढून घ्यावे. वर्गातील इतर मुलांना दहा-वीस खुणा शिकविल्या, तर मधल्या सुट्टीतील त्याचा एकटेपणा संपेल.

उतारवयातील बहिरेपण

श्रवणदोष हा केवळ बालकांचा प्रश्न नाही. उतारवयात अनेकांचे ऐकणे कमी होते. जिनिंगच्या कारखान्यात किंवा मळणीयंत्राजवळ वर्षे काढलेल्यांचे कान लवकर थकतात. असे आजोबा हळूहळू चावडीवर जाणे सोडतात, घरात प्रश्न पुन्हा विचारण्याची त्यांना लाज वाटते आणि घरची माणसे ‘काही नाही’ म्हणून विषय संपवितात. या दोन शब्दांनी जेवढी माणसे एकाकी झाली असतील, तेवढी बहिरेपणाने झाली नसतील. उपचाराविना राहिलेला श्रवणदोष स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवितो, असे अलीकडील वैद्यकीय संशोधन सांगते. वडीलधाऱ्यांच्या समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलणे ही सेवाच आहे.

पंचायतीचे काम

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. हा निधी वर्षअखेरीस किरकोळ वस्तूंच्या वाटपात संपविण्यापेक्षा श्रवणयंत्राचे सेल, नवा साचा आणि उपचारासाठी पालकांचा प्रवास यांवर नियमांच्या मर्यादेत खर्ची पडला, तर तो खऱ्या अर्थाने कारणी लागेल. गावातील कर्णबधिर व्यक्तींची यादी, त्यांचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, यंत्र चालू आहे की बंद याची नोंद आणि ग्रामसभेत त्यांच्यासाठी पुढची जागा, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेची सूचना दवंडी अथवा ध्वनिक्षेपकावरून देताना ती फळ्यावरही लिहिली जावी.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख व्यक्तींची श्रवणदोषासाठी नोंद झाली. ही संख्या मोठी असली, तरी गावाच्या पातळीवर प्रश्न दोन-चार घरांचाच असतो. त्या घरांचे दार शिक्षकाने, सेविकेने आणि सरपंचाने वेळेवर ठोठावले, तर घाटाखालच्या गावातील मूलही वर्षभराचे होण्याआधी आपल्या आईशी ओठांनी, हातांनी वा यंत्राच्या साहाय्याने संवाद करू लागेल. तेथूनच त्याचे शिक्षण सुरू होईल.