छोट्या जातीचा कुत्रा शोमध्ये उतरवताना

मुंबईत मरोळच्या सोसायट्यांमध्ये पग, शित्झू आणि ‘पॉम’ भरपूर आहेत. ‘आमचा शोमध्ये चालेल का?’ असं बरेच जण विचारतात. चॅम्पियनशिप शोसाठी आधी केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी हवी. पण त्याआधी जात नेमकी कोणती ते बघा: आपल्याकडे पॉम म्हणून ओळखले जाणारे बहुतेक पांढरे कुत्रे खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॉमेरेनियनची खांद्यापाशी उंची 18 ते 24 सेंटिमीटरच असते.

परीक्षक प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या मानकाशी ताडून बघतात. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचलेल्या पगचं आदर्श वजन 6.3 ते 8.1 किलो, ते घट्ट स्नायूंचं हवं, चरबीचं नको. छोट्या जातींना टेबलावर उभं करून तपासतात. दात, खांदे, बरगड्या, पाठ, सगळं हाताने चाचपतात. शित्झूचे सुंदर केस खालची कमकुवत बांधणी लपवू शकत नाहीत.

माझ्या मते खरी परीक्षा चालीची. या जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो. दुडक्या चालीत मागचा पाय मध्येच उचलून उडी मारली, की नजर तिथेच जाते. अशा कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्या, शोचं नंतर बघू. धापा टाकणाऱ्या पगचंही तेच.

स्वभाव निर्भय हवा. पिल्लू असल्यापासून न घसरणारी चटई टाकलेल्या टेबलावर रोज मिनिटभर उभं करा, ओळखीच्यांना त्याचं तोंड-पंजे हाताळू द्या. मरोळ-मरोशी रोडच्या गोंगाटाची सवय मात्र लांबून, हळूहळू लावा.