गिटार ॲम्प्लिफायरची पाठ पाहून सौदा करा

लग्नसमारंभ, ऑर्केस्ट्रा आणि कॉलेजच्या कार्यक्रमांना साऊंड भाड्याने देण्याच्या धंद्यात आज अनेक तरुण उतरतात. माल घेताना ते वॅट विचारतात, भाव विचारतात. ॲम्प्लिफायर वळवून त्याची पाठ मात्र क्वचितच पाहतात. वास्तविक नुकसान तेथेच होते. पाव इंची सॉकेट दिसायला सर्व सारखी, पण प्रत्येकातला विजेचा जोर वेगळा. दोन तागे सारख्याच पन्ह्याचे असले म्हणून त्यांचे सूत एकाच नंबरचे ठरत नाही.

सेंड आणि रिटर्न

गिटारच्या ॲम्पमध्ये दोन यंत्रे असतात. प्री-ॲम्प गिटारच्या नाजूक सिग्नलला उचलून रंगरूप देतो. पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलविण्याइतकी ताकद देतो. या दोहोंमधला दरवाजा म्हणजे इफेक्ट्स लूप. ‘सेंड’मधून सिग्नल बाहेर जातो, ‘रिटर्न’मधून परत येतो. मागावरचे कोरे कापड प्रोसेस हाऊसला जाऊन तयार होऊन परत यावे, तसाच हा व्यवहार.

वाह, फझ, ओव्हरड्राइव्ह हे पेडल गिटार आणि इनपुट यांच्यामध्ये लावावेत. डिले आणि रिव्हर्ब लूपमध्ये ठेवावेत. प्री-ॲम्पमध्येच आवाज फाडायचा असेल आणि डिले त्याच्या आधी लावला, तर मूळ सूर व पडसाद एकत्र भरडले जातात आणि सगळा गोंधळ होतो.

१९७५ साली बाजारात आलेल्या रोलँड जेसी-१२० चे उदाहरण घेऊ. यात ६० वॅटचे दोन पॉवर ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर असतात. नंतरच्या नमुन्यांत लूपजवळ ‘+४’ आणि ‘-२०’ असा खटका असतो. पहिल्या जागी सुमारे १.२ व्होल्ट, दुसऱ्या जागी सुमारे ०.०८ व्होल्ट. पेडल -२० वर, रॅकचे यंत्र +४ वर. उलट केले तर पेडलचा आवाज फाटतो आणि रॅकच्या यंत्रात सूं सूं वाढते.

लाइन आउट म्हणजे स्पीकर आउट नव्हे

लाइन आउटमधून साधारण एक व्होल्टच्या आसपासचा सिग्नल मिक्सरकडे जातो. स्पीकर आउटचा हिशेब निराळा: १०० वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात सुमारे २८ व्होल्ट देतो. ही वायर चुकून मिक्सरमध्ये गेली तर तो चॅनल जळू शकतो. स्पीकरला जाड स्पीकर वायरच लावावी. गिटारची बारीक वायर तापते.

व्हॉल्व्हच्या ॲम्पबाबत आणखी सावध राहावे. लाइन आउट जोडले म्हणून स्पीकर काढू नये. स्पीकरविना वाजविल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो, आणि त्याची दुरुस्ती महाग पडते.

लाइन आउटचा आवाज कधी कधी कर्कश वाटतो. याचे कारण गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर आपोआप कमी करतो. लाइन आउटमध्ये ही गाळणी नसते. ‘स्पीकर एम्युलेटेड’ असे लिहिलेले सॉकेट असल्यास ते वापरावे, नाहीतर स्पीकरसमोर माइक ठेवावा. मिक्सर लांब असल्यास मध्ये डीआय बॉक्स लावावा. गुणगुण आली तर डीआयवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका वापरावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. तिच्यावर वादकाचा जीव अवलंबून असतो.

जुना माल घेताना

ॲम्प अधूनमधून गप्प होतो म्हणून मालक तो स्वस्तात काढतो. अशा वेळी सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी वायर जोडून पाहावी. आवाज परत आला तर बहुधा रिटर्न सॉकेटचा आतला संपर्क मळलेला असतो. तो साफ करणे किरकोळ काम आहे. आवाज आला नाही तर बिघाड दुसरीकडे आहे, असे समजून भाव करावा.

माल भाड्याने पाठविण्यापूर्वी स्पीकर आउटवर लाल आणि लाइन आउटवर हिरवी चिकटपट्टी लावावी. चलनावर वायर मोजून लिहाव्यात, स्पीकरच्या वेगळ्या आणि गिटारच्या वेगळ्या. रात्रीच्या घाईत जोडणी करणारा पोऱ्या नवा असला, तरी रंग त्याला कळतो.