नोह शिकायचं तर आधी चालणं

नोह या जपानच्या अभिजात रंगभूमीच्या शिकवणीत पहिला धडा चालण्याचा असतो. पायात ताबी, म्हणजे अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले पांढरे कापडी मोजे. गुडघे किंचित वाकलेले, अंग कमरेतून जरासं पुढे झुकलेलं, हात मांड्यांसमोर गोलसर धरलेले. या उभं राहण्यालाच कामाए म्हणतात आणि ते जमेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. मग टाच जमिनीवरून न उचलता पाऊल पुढे सरकवायचं, शेवटी चवडा थोडा वर करून पुन्हा टेकवायचा. डोक्यावर भरलेली कळशी असावी तसं डोकं एका पातळीत राहिलं पाहिजे. ज्याने कॉलेजच्या एकांकिकांत रंगमंच दणाणून सोडला आहे, त्यालाही इथे तासन् तास एवढंच करावं लागतं. मांड्या भरून येतात. गुरू फारसं बोलत नाहीत. खांदा खाली दाबतात, कोपर जागेवर आणतात आणि पुन्हा चालायला सांगतात.

परदेशात जाऊन अभिजात रंगभूमी शिकायची म्हटलं की आपल्याकडे लंडनच डोळ्यांसमोर येतं. त्याला कारणही आहे. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकले आणि १९६२पासून पंधरा वर्षं त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा सांभाळली. आधुनिक भारतीय नटाच्या शिक्षणावर त्या शिस्तीची छाप आहे. तरीही नाटकवेड्या विशीतल्या मुलामुलींनी जपानमधल्या क्योटोचाही विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत नव्या कल्पनेला मिळणारी टाळी त्यांनी ऐकलेली असते. नोहमध्ये नवं काही सुचण्याआधी दुसऱ्याने केलेलं जसंच्या तसं अंगात उतरवावं लागतं.

आज सादर होणारं नोह चौदाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलं, ते कानआमी आणि त्यांचा मुलगा झेआमी या नट-नाटककारांच्या हातून. झेआमीने १४००च्या सुमारास ‘फूशिकादेन’ हा ग्रंथ लिहायला घेतला. नटाने कोणत्या वयात काय शिकावं, इथूनच तो सुरू होतो. ही विद्या घराण्यात गुपित राहिली. झेआमीचे ग्रंथ छापून सर्वांसमोर आले ते थेट १९०९मध्ये. सात वर्षांच्या मुलाला त्याच्या कलाने खेळू द्यावं, त्याला फार टोकू नये, असं झेआमी सांगतो. सतरा-अठराव्या वर्षी आवाज फुटतो, बाळसं ओसरतं, लोक हसतात; तेव्हा हसण्याकडे दुर्लक्ष करून झेपेल तेवढाच रियाज करावा. आणि चोवीस-पंचविशीबद्दल तो अतिशय कठोर आहे. आवाज स्थिरावलेला, शरीर भरलेलं, एखाद्या स्पर्धेत ज्येष्ठ नटावरही मात केलेली, लोक वाहवा करताहेत: झेआमीच्या मते हाच धोक्याचा काळ. तो बहर तारुण्याचा असतो, कलेचा नसतो. त्यालाच खरं मानणारा नट पुढे कोमेजतो. सहाशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आपल्या महाविद्यालयीन नटांनी करंडक कपाटात ठेवण्याआधी वाचावं. मराठी नाट्यप्रशिक्षणात ते सक्तीचं असतं तर किती बरं झालं असतं!

विद्यार्थ्याच्या हाती सुरुवातीला मुखवटा येत नाही. तो शिमाई शिकतो, म्हणजे नाटकातला काही मिनिटांचा नृत्यभाग. वेशभूषा नाही, मुखवटा नाही, हातात फक्त पंखा. बरोबरीने उताई, म्हणजे संहितेचं गायन. गुरूंसमोर गुडघे दुमडून बसायचं. ते एक ओळ म्हणतात, आपण तशीच म्हणायची. ख्यालाची तालीम घेतलेल्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. घराणीही आहेतच: कांझे, होशो, कोम्पारू, कोंगो आणि किता ही मुख्य नटांची पाच.

मुखवटा समजला की चालण्यावर एवढा भर का, ते कळतं. त्याची डोळ्यांची भोकं इतकी लहान असतात की नटाला रंगमंचाची कड धड दिसत नाही. सुमारे सहा मीटर लांब-रुंद चौकाच्या चार कोपऱ्यांवर खांब असतात. त्यांतल्या एकावर नजर ठेवून तो आपली जागा ओळखतो. बाकी सगळा भरवसा पावलांवर. आणि हाच लाकडी मुखवटा किंचित वर केला की उजळतो, किंचित खाली झुकवला की झाकोळतो. रडायचं असेल तर तळहात सावकाश डोळ्यांजवळ न्यायचा, बस्स. हुंदका नाही, आवाजात कंप नाही. पडद्यासाठी आणि मालिकांसाठी चेहरा वापरायची सवय लागलेल्या पिढीला हे संयमन शरीराने शिकता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नोहला दिग्दर्शक नसतो. प्रयोगाआधी सगळे कलाकार सहसा एकदाच एकत्र बसून तालीम करतात. मुख्य नट, बासरीवादक, ढोलवाले, आठ-एक जणांचा गायकवृंद अशा सगळ्यांना एकमेकांचं काम माहीत असतं, म्हणून हे शक्य होतं. त्यामुळे अभिनय शिकणाऱ्यालाही वाद्य शिकावं लागतं. खांद्यावर धरायच्या लहान ढोलाच्या चामड्याला ओलावा लागतो, मांडीवर धरायच्या मोठ्या ढोलाचं चामडं प्रयोगाआधी निखाऱ्यांवर शेकून कोरडं करतात.

जायचं कसं? क्योटोत १९८४मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक रंगभूमी प्रशिक्षणाच्या उन्हाळी वर्गांनी परदेशी विद्यार्थ्यांना वाट करून दिली: सुमारे तीन आठवडे शिक्षण आणि शेवटी सादरीकरण. मला मात्र लांबचा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. आधी जपानी भाषा. पुण्यात ती शिकवणारी विद्यापीठं आणि वर्ग वर्षानुवर्षं आहेत. जपानी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी जपान सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिचे अर्ज दूतावासामार्फत जातात. तिथल्या विद्यापीठात दाखल झालं की विद्यार्थ्यांच्या नोह मंडळात जाता येतं. क्योटो विद्यापीठात अशी मंडळं आहेत आणि व्यावसायिक कलावंत तिथे शिकवतात. खासगी शिकवणीची दारंही हौशी शिष्यांना खुली असतात, कारण १८६८ नंतर शोगुन या लष्करी शासकांचा आश्रय गेल्यावर ही कला मुख्यत्वे अशा शिष्यांच्या शुल्कावरच तगली. मासिक शुल्काखेरीज सादरीकरणाचा खर्च वेगळा असतो. तो आधीच विचारून घ्यावा.

परतल्यावर लगेच ‘नोह शैलीतलं’ काही बसवायचा मोह होईल. तो आवरावा. आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९१६मध्ये नोहचा प्रयोग न पाहता, केवळ अनुवाद आणि टिपणांच्या आधारे त्या धर्तीवर नाटक रचलं. ते कवीचं काम होतं आणि मोठं होतं. विद्यार्थ्यापुढे रिचर्ड एमर्ट यांचं उदाहरण असावं: हे अमेरिकन कलावंत जपानमध्ये राहिले, किता घराण्यात वर्षानुवर्षं शिकले आणि मग इंग्रजी संहितांना नोहचं संगीत देऊ लागले; शिकवण्याची मान्यताही त्यांनी मिळवली.